वजिरापुढच्या प्याद्याला उत्तर

आमच्या घरात पांढरी मोहरी माझी आणि काळी तिची, हे लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठरून गेलं होतं. बायको माझ्यापेक्षा पुष्कळ चांगली खेळते. कॉलेजात असताना ती विद्यापीठाच्या संघात होती; मी बुद्धिबळ शिकलो तेच मुळी तिच्याकडून. पहिली खेळी मला मिळाली तर डाव जरा वेळ तरी टिकेल, म्हणून तिनं पांढरी मला देऊन टाकली. आणि मी दर वेळी वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे सरकवायचो. राजापुढचं प्यादं पुढे गेलं की उघडं पडतं, वजिरापुढच्याला निदान मागून वजिराचा आधार असतो. मी चिखलीत एका सरकारी कार्यालयात कारकून आहे. आधार पाहून पाऊल टाकायची सवय नोकरीनं लावली की ती मुळातच होती, सांगता येत नाही.

ती त्यावर शांत उत्तर द्यायची. समोर तिचंही प्यादं, मागे त्याला टेका देणारं दुसरं, घोडे बाहेर, राजा कोपऱ्यात. भिंत बांधायची आणि मी काय करतो ते बघत बसायची. बरेचसे डाव बरोबरीत सुटायचे आणि आम्ही पट तसाच ठेवून भाजी निवडायला घ्यायचो.

ती उंद्रीच्या शाळेत गणित शिकवते. एका हिवाळ्यात फळ्यावर लिहिता लिहिता तिला दम लागायला लागला. आधी आम्हाला वाटलं खडूची धूळ असेल. मग एसटीची पायरी चढताना ती थांबायला लागली. बुलडाण्याच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, लहानपणी सांधे सुजून ताप यायचा का? यायचा. त्या तापानं तिच्या हृदयाची एक झडप कधीच खराब करून ठेवली होती, आणि इतकी वर्षं ती तशीच भाकऱ्या थापत, शाळेत जात, माझ्याशी बुद्धिबळ खेळत राहिली होती.

संभाजीनगरला ऑपरेशन झालं. धातूची झडप बसवली. ती आत उघडझाप करताना आवाज येतो, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, पण ऐकल्याशिवाय ते कळत नाही. खोली शांत असली की शेजारी बसलेल्या माणसाला टिक, टिक असं स्पष्ट ऐकू यायचं. तिला त्याचा त्रास नव्हता. मला मात्र तो आवाज ऐकला तरी भीती वाटायची आणि ऐकू आला नाही तर त्याहून जास्त.

भीतीचं सांगायचं तर मी त्या दिवसांत घरातल्या प्रत्येक वस्तूला भ्यायलो. रक्त पातळ राहावं म्हणून तिला रोज संध्याकाळी गोळी असते. गोळी चुकली तर झडपेवर गुठळी धरू शकते, जास्त झाली तर रक्त थांबत नाही. म्हणून मी विळी वरच्या फळीवर ठेवून दिली. स्कूटीची चावी माझ्या शर्टाच्या खिशात ठेवायला लागलो. तिच्या दंडावर कुठे निळा डाग दिसला की तो वाढतोय का ते मी रोज बघायचो. मेथी किती खाल्ली, पालक किती खाल्ला, यावरसुद्धा माझं लक्ष, कारण पालेभाजीचं प्रमाण एकदम बदललं की गोळीचा हिशेब बिघडतो.

बरी होऊन पलंगावरून खुर्चीत आल्यावर तिनं पट मागितला. मला बरं वाटलं. बुद्धिबळात कुठे खरचटत नाही, रक्त येत नाही. मी नेहमीचं प्यादं पुढे केलं. तिनं घोडा काढला. मी दुसरं प्यादं पहिल्याच्या शेजारी आणलं. आणि तिनं भिंत बांधायची सोडून बाजूचं प्यादं थेट माझ्या प्याद्याच्या अंगावर घातलं.

"हे काय?" मी म्हणालो.

"खेळा ना," ती म्हणाली.

तो डाव ती वाईट हरली. तिचा राजा उघड्यावर पडला, मला न शोधता मात सापडली. तिचा चेहरा लाल झाला होता आणि खोलीतली टिकटिक घाईची झाली होती. मी पट आवरायला लागलो तर तिनं माझा हात धरला.

"पुन्हा मांडा."

पुढचे कितीतरी आठवडे आमच्याकडे हाच विषय होता. वजिराच्या प्याद्याला काळ्यानं काय उत्तर द्यायचं? मोबाइलवर व्हिडिओ लावून ती एकेक ओपनिंग, म्हणजे डावाची ठरीव सुरुवात, बघायची आणि संध्याकाळी माझ्यावर आजमावायची. डच नावाची बघितली. त्यात काळा पहिल्याच खेळीत आपल्या राजाशेजारचं प्यादं पुढे ढकलतो. "दार उघडं टाकून भांडायला जायचं," ती म्हणाली, आणि चार दिवसांनी तिनं ती सोडली. बुडापेस्ट नावाच्या सुरुवातीत दुसऱ्याच खेळीत प्यादं फुकट द्यायचं असतं. ते तिला आवडलं, पण पांढऱ्याला नीट माहीत असलं तर पुढे काही उरत नाही, असं तिचं मत पडलं. किंग्ज इंडियनवर ती बराच वेळ थांबली. त्यात मध्य बंद होतो, पांढरा वजिराच्या बाजूला धावतो आणि काळा राजाच्या, जो आधी पोचेल तो जिंकतो.

शेवटी ती बेनोनीवर येऊन ठेपली. यात काळा मुद्दाम पांढऱ्याला मधली जागा देऊन टाकतो. पांढऱ्याची प्यादी छाताडावर येऊन उभी राहतात आणि काळ्याला श्वास घ्यायलाही जागा राहत नाही असं वाटतं. त्याच्या बदल्यात काळ्याचा उंट लांबलचक तिरप्या रेषेवर मोकळा होतो, आणि योग्य क्षण सापडला तर सगळा डाव उलटतो. नाही सापडला तर मरण. मी त्या नावाचा अर्थ शोधला. दुःखाचा मुलगा, असा काहीतरी निघाला. मी तो तिला सांगितला नाही.

"तू पहिल्यासारखं साधं खेळ ना," मी म्हणालो. "ते काय वाईट होतं?"

"वाईट काऊन राह्यलं? पण थ्यात मी काय करत होते? तुम्ही काय करता ते पाहात बसत होते."

"पण जिवाला ताण नाही."

तिनं घोडा उचलला, खाली ठेवला. मग म्हणाली, "ऑपरेशनच्या दिवशी त्यायनं मले त्या टेबलावर झोपवलं ना, तवा भूल द्यायला उशीर झाला. वरचा लाइट पाहात मी पडून राह्यले. हात बांधल्यासारखे. त्या वेळी मले एकच वाटलं, की आपल्याले काही तरी करायला भेटलं पायजे. वाट पाहून पाहून माणूस अर्धा होते हो."

"तुला भीती नाही वाटत?"

"भेव तर लय वाटते. बेनोनी खेळताना तर जास्तच. पण थे भेव माह्यं मी निवडलेलं हाय."

तिनं स्पर्धेत उतरायचं ठरवलं तेव्हा मी गुपचूप डॉक्टरांना फोन केला. स्पर्धेत खेळली तर चालेल का, असं विचारलं. त्यांनी नाही म्हणावं अशी माझी इच्छा होती, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. "खेळू द्या. पायऱ्या सावकाश चढायच्या, गोळी वेळेवर घ्यायची," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

बेनोनीविरुद्ध पांढऱ्याकडे एक भयंकर हत्यार आहे. राजाच्या उंटासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकायचं आणि मग उंट आणून काळ्याच्या राजाला शह द्यायचा. काळ्याला मन मारून घोडा मागे घ्यावा लागतो आणि त्याची सगळी फौज एकमेकांच्या पायात येते. तिनंच मला ते शिकवलं आणि रोज माझ्याकडून खेळवून घेतलं. ती रोज हरायची. तिचे ओठ कोरडे पडायचे, एक हात नकळत छातीवर जायचा, तिथे उभी शिवण होती. एके संध्याकाळी मला ते बघवलं नाही आणि मी शह द्यायच्याऐवजी उंट जवळच्याच घरात ठेवला.

"शह काऊन नाही देल्ला?"

"माझ्या लक्षात नाही आलं."

तिनं माझा उंट उचलून स्वतः पुढे नेऊन ठेवला. "मले घरी वाचवून काय फायदा? तिकडे कोणी वाचवणार हाय का?"

त्यानंतर मी पुन्हा कधी हात आखडला नाही.

शेगावला एका मंगल कार्यालयात दोन दिवसांची खुली स्पर्धा होती. आम्ही खामगावमार्गे एसटीनं गेलो, मंदिराजवळच्या लॉजवर उतरलो. नाव नोंदवलं तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. नाश्त्याला तिनं माझ्या पानातलीही कचोरी संपवली.

पहिल्या दिवशी पांढरी मोहरी आली तेव्हा ती जिंकली. काळी आली तेव्हा बेनोनी खेळली आणि वीसेक खेळ्यांत साफ हरली. समोरच्या तरुणानं तेच शहाचं हत्यार काढलं होतं. बाहेर आल्यावर मी तिच्यासमोर हात जोडायचेच काय ते बाकी ठेवले. "उद्या तरी साधं खेळ. एक दिवस."

"उद्याचं उद्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पुन्हा काळी मोहरी मिळाली. समोर अकोल्याचे एक गृहस्थ होते, पन्नाशीचे, चष्मा, इस्त्रीचा पांढरा शर्ट. ते आले, नमस्कार केला आणि वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. मी प्रेक्षकांच्या खुर्च्यांत, टेबलांभोवती बांधलेल्या दोरीच्या अलीकडे बसलो होतो. तिथून पट दिसत होता. तिनं घोडा काढला. त्यांनी दुसरं प्यादं आणलं. तिचा हात क्षणभर टेबलावर राहिला आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, एकच घर, साधं, एकच घर. तिनं बाजूचं प्यादं दोन घरं टाकलं. बेनोनी.

मोठ्या दालनात पन्नाससाठ माणसं गप्प बसली की जी शांतता होते, ती मी तोपर्यंत अनुभवली नव्हती. आदल्या दिवशी फिरत असलेले पंखेसुद्धा बंद होते. घड्याळं डिजिटल, त्यांचा आवाज नसतो. पंधराएक खेळ्या झाल्यावर त्या शांततेत अकोल्याच्या गृहस्थांनी आपली खेळी केली आणि मान वर केली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. टेबलाखाली वाकून बघितलं. मग माझ्या बायकोकडे बघत राहिले. मला कळलं काय झालंय ते. त्यांनी हात वर केला.

पंच आले. दोन्ही घड्याळं थांबवली. गृहस्थ हलक्या आवाजात बोलले, पण मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"सर, यांच्याकडून कसला तरी आवाज येतोय. टिकटिक. काही यंत्र असेल तर तपासा. माझी तक्रार नाही, पण तपासा."

आजूबाजूच्या टेबलांवरच्या माना वळल्या. मोबाइल, घड्याळ, काहीही आत न्यायला बंदी होती. मी उभा राहिलो तर दोरीजवळच्या स्वयंसेवकानं मला हातानं खाली बसवलं. आता ही सगळ्यांसमोर काय सांगणार, ताणानं हिला इथेच काही झालं तर, गोळी काल संध्याकाळी वेळेवर घेतली होती ना, घेतली होती, मीच दिली होती.

ती बसल्या जागेवरून म्हणाली, "यंत्र आहे. पण काढून ठेवता येत नाही." आणि तिनं हात छातीवर ठेवला. "हृदयात झडप बसवलीये. धातूची."

पंच वयस्कर होते. तिची परवानगी विचारून ते तिच्या खांद्याजवळ वाकले, डोळे मिटले आणि ऐकलं. मग ते सरळ झाले. "खेळ चालू करा," एवढंच म्हणाले आणि घड्याळाचं बटण दाबलं.

गृहस्थांचा चेहरा उतरला होता. त्यांनी दोन्ही हात जोडले. तिनंही मान हलवली. खेळी तिची होती. पण ती खेळली नाही, उठली आणि दालनाबाहेर गेली. तिचं घड्याळ उलटं धावत होतं.

मी मागच्या दारानं बाहेर पळालो. ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली होती. दोन्ही हात मांडीवर. ओठ पांढरे. डाव चालू असताना खेळाडूशी बोललं तर तिचाच डाव जातो. मी हाकेच्या अंतरावर उभा राहिलो. विचारायचं एवढंच होतं की दम लागलाय का. मी एक पाऊल पुढे टाकलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तळहात उभा धरला. थांबा.

मी थांबलो. आयुष्यात इतकं अवघड काही मी केलं असेल असं मला वाटत नाही. आत तिचा वेळ जात होता, इथे मला तिचा श्वास मोजता येत नव्हता, आणि दवाखाना कुठे आहे हेही मी आदल्या दिवशी विचारून ठेवलं नव्हतं. तिनं डावं मनगट उजव्या हाताच्या बोटांनी धरलं, डोळे मिटले, तशीच बसून राहिली. मग पदर सारखा केला, कठड्याला धरून उठली आणि माझ्या अगदी जवळून आत गेली. तेव्हा मला टिकटिक ऐकू आली. जोरात होती, पण ठेका धरून.

टेबलाशी बसल्या बसल्या तिनं घोडा देऊन टाकला. दोन प्याद्यांच्या बदल्यात अख्खा घोडा. मला वाटलं भान सुटलं. पण त्यानंतर तिचा उंट त्या लांब रेषेवर मोकळा झाला, वजीर बाहेर आला, आणि गृहस्थांच्या राजाभोवतीची प्यादी एकेक करून पडायला लागली. त्यांनी चष्मा काढून पुसला. आजूबाजूचे डाव संपत होते आणि ती माणसं या टेबलामागे येऊन उभी राहत होती.

गृहस्थांनी एक खेळी केली आणि विचारलं, "बरोबरी?"

मी मान डोलावली. कोणी मला विचारलं नव्हतं. तिच्या घड्याळात जेमतेम दोनचार मिनिटं उरली होती. घेऊन टाक, कचोरी खाऊ, घरी जाऊ.

"नाही," ती म्हणाली. "धन्यवाद, पण खेळूया."

तिनं वजिरानं शह दिला. राजा सरकला. पुन्हा शह, पुन्हा सरकला. मग तो एका कोपऱ्यात शिरला जिथे तिचं काहीच पोचत नव्हतं, आणि मलासुद्धा दिसलं की हल्ला संपला. एक घोडा कमी. तिनं थोडा वेळ पटाकडे बघितलं आणि हात पुढे केला. हरली.

मी दोरी ओलांडून तिच्याजवळ पोचलो तेव्हा दोघं पुन्हा मोहरी मांडत होते. "इथं तुम्ही हत्ती आणायला हवा होता," गृहस्थ सांगत होते. "वजीर नाही. हत्ती आला असता तर मी डावच सोडणार होतो. मी ते पाहिलं होतं. म्हणून तर बरोबरी मागितली."

"म्हणजे दया म्हणून नाही?"

"दया?" ते हसले. "ताई, मी घामानं भिजलोय."

ती इतकी मोकळी हसली की पंचांनी लांबून बोट ओठांवर ठेवलं. मी तिथे उभा होतो आणि ती गृहस्थांना विचारत होती की घोडा दिल्यावर त्यांनी लगेच मोहऱ्यांची अदलाबदल केली असती तर तिचं काय उरलं असतं.

त्यानंतर ती चार-पाच ठिकाणी खेळली. धाड गावच्या शाळेत स्पर्धा झाली, बुलडाण्याला दोनदा. खेळ सुरू होण्याआधी ती आता पंचांना आणि समोरच्याला स्वतःच सांगून टाकते. कोणी घाबरतं, कोणी कुतूहलानं कान टवकारतं. वजिराच्या प्याद्याला तिचं उत्तर अजून बेनोनीच आहे. निम्मे डाव ती हरते.

मागच्या महिन्यात अमरावतीला स्पर्धा होती. मी रजा टाकायला निघालो तर म्हणाली, "तुम्ही नका येऊ."

"का?"

"तुम्ही दोरीमागं बसता, मग मले तुमचं तोंड दिसते. मी पटाकडे पाहू का तुमच्याकडे?"

मग ती एकटी गेली. तो दिवस मी कार्यालयात काढला. एक अर्ज दोनदा चुकीच्या फायलीत लावला. दुपारचा डबा तसाच परत आणला. फोन टेबलावर उलटा ठेवला, मग सरळ केला. बडनेऱ्याला तिच्या मामेबहिणीचं घर आहे, तिला दोनदा फोन लावायला घेतला आणि ठेवला. चार वाजता, पाच वाजता, डाव संपायला हवा होता तेव्हाही काही नाही. मी घरी आलो, दिवाबत्ती केली, कुकर मांडला, शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या.

सात वाजून गेल्यावर फोन वाजला. मागे बसस्थानकाचा गोंगाट होता.

"हॅलो, ऐकू येते का?" ती ओरडून बोलत होती. "गाडी भेटली. उभं राहून यावं लागते वाटते, लय गर्दी हाय."

"तू बरी आहेस?"

"हाव. जेवून घ्या तुम्ही."

"आणि डाव?"

"तो सांगते घरी आल्यावर. समोरचा काय खेळला माहीत हाय? तिसऱ्याच खेळीला..." तिथे फोन कटला.

मी पुन्हा लावला, लागला नाही. वरण करपलं होतं. ते मी दुसऱ्या भांड्यात काढलं, खिडकीशी खुर्ची ओढली आणि बसून राहिलो.